चौकटीतली बाई

२००३ साली सांडोर गावच्या निवृत्त जयराम गुरुजींनी ओटीवर एकुलता एक संगणक मांडून मुलांचा वर्ग सुरू केला. टायपिंगचा विंडोज प्रोग्राम इंग्रजीत होता. बंद करताना पडद्यावर एक चौकट येऊन काहीतरी विचारी, मुलं न वाचताच बटण दाबत आणि झालेला धडा पुसला जाई.

"प्रोग्रामच्या पोटात शिरून त्यातली वाक्यं बदलता येतात," गुरुजी म्हणाले. "त्याला रिसोर्स एडिटर लागतो. संगणकाच्या मासिकासोबत आलेल्या सीडीवर तीन फुकट आहेत. पण फुकट आहे म्हणून उचलू नये. वांगी घेताना बघतो तसं दाबून बघावं."

पहिल्यात नुसती चित्रं बदलत. दुसऱ्यानं वाक्य बदललं, पण प्रोग्राम पुन्हा उघडेना. तिसरा चिमुकला, तोच टिकला. देवनागरी उमटेना, तेव्हा गुरुजींनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं : धडा ठेवायचा का, बाळा? प्रत्येक पायरी ते मोठ्यानं, तीनतीनदा समजावत. माजघरात त्यांची बायको जिजा मुकाट तांदूळ निवडत असे.

मंगळवारी भर दुपारी वारा पडला होता. मागच्या वाडीतलं केळीचं पानही हलत नव्हतं. तेजस्वीनं धडा बंद केला आणि माउसवरचा हात झटकन काढून घेतला. चौकटीत लिहिलं होतं : मी विहिरीपाशी उभी आहे. किती हाका मारू?

"गुरुजी, हे तुमी लिवलं?"

"नाही गं."

"मग कोनी?"

गुरुजींनी वाक्य पुन्हा पहिल्यासारखं केलं.

बुधवारी चिरागनं प्रोग्राम बंद केला. चौकट म्हणाली : आज पन आला नाहीत. इथं सगळ्यांनी माना टाकल्यात.

ओटी क्षणात रिकामी झाली. चिरागची एक चप्पल तेवढी मागे राहिली. संध्याकाळी त्याचे वडील शत्रुघ्न आले. "गुरुजी, तुमच्या विहिरीत बाई हाय म्हनतात ते खोटं नाय. उद्यापास्नं पोरं येनार नाय."

छत्तीस वर्षांच्या नोकरीत गुरुजींचा वर्ग कधी ओस पडला नव्हता. गुरुवारी सकाळी ते भुताला जाब विचारायला वाडीत शिरले. मागे, बरंच अंतर राखून, शत्रुघ्न आणि त्याची बायको स्वप्ना. दोन्ही बाजूंना केळी मलूल झुकलेल्या. विहिरीच्या काठावर एक बाई उभी होती. पाठमोरी, ओले केस मोकळे.

"आलात?" ती न वळताच म्हणाली.

मग बाई वळली. जिजा होती.

"चार दिस पंप चालू होत नाय. हाका मारून घसा बसला माझा. म्हटलं, तुमी जिथं बघता तिथंच लिवावं."

"पण तुला एडिटर कुणी शिकवला?"

"तीनतीनदा सांगता. भिंत पन शिकंल."

शत्रुघ्न केळीआडच राहिला. स्वप्ना मात्र पुढे आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "जिजाकाकी, आमच्या ह्यांच्या मोबाइलमधी बसंल का असं कायतरी?"

शुक्रवारी मुलं ओटीवर परतली. त्यांच्यामागे पाच बाया मांडी घालून बसल्या. शिकवायला जिजा होती.

त्या दिवशी सांडोरमध्ये पाच नवरे मोबाइल पालथा घालून, त्याच्याकडे पाठ करून जेवले.