आप्पांनी धरलेली जागा

आमचे शेजारी आप्पा मिरजेहून सांगलीला उभ्याने जातात. बस रिकामी असली तरी. कंडक्टरने बसायला सांगितलं, तर म्हणतात, "उभ्यानंबी सांगली येतीच की." माधवनगरच्या गिरणीत सगळा जन्म उभ्याने गेला, आता सवय मोडत नसेल, अशी मी आपली समजूत करून घेतली होती.

दुसरं वेड शेरे मारण्याचं. लग्नाचं जेवण असो नाहीतर कीर्तन, आप्पांचा शेरा ठरलेला : "मध्यंतरापर्यंत बरं हुतं." एका शोकसभेत त्यांनी गेलेल्या माणसाच्या आयुष्यालाही हाच शेरा दिला. दुर्दैवाने तो बरोबर होता.

त्यामुळे माझ्या पुतणीने, सायलीने, लघुपट केला तेव्हा तिला धास्ती आप्पांचीच. गोष्ट साधी. एक माणूस जागा धरायला एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो. आत शिरेपर्यंत दुसराच कोणी तो रुमाल झटकून तिथे बसलेला. हा भांडतो आणि चिडून खाली उतरतो. पुढे बस घाटात कोसळते, हा वाचतो.

सांगलीत खेळ झाला. नंतर जाणकार बोलायला उठले. एकाला त्यात नियती दिसली, दुसऱ्याला जागतिकीकरण. टाळ्या पडल्या. सायली मात्र मागे दाराशी उभ्या असलेल्या आप्पांकडे बघत होती. बाहेर आल्यावर तिनेच विचारलं, "आप्पा, मध्यंतरापर्यंत तरी बरं होतं का?"

आप्पा हसले नाहीत.

"तुझ्या माणसाचा रुमाल झटकला म्हणून त्यो वाचला. ज्याचा कुणी झटकला न्हाई, त्याचं काय?"

मग त्यांनीच सांगितलं. तरुणपणी खिडकीतून पंचा टाकून जागा धरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. धाकटा भाऊ कोरेगावला निघालेला, स्टँडवर जत्रेची गर्दी. आप्पांनी पंचा टाकला. तिथे एक जण बसू लागला, तर त्याच्याशी भांडून त्यांनी त्याला उठवलं.

"मीच बसवला भावाला, खिडकीपाशी. वर हातबी केला."

वाटेत बस ट्रकवर आदळली. त्या बाजूचं कोणी उरलं नाही. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांच्या उभ्याने जाण्याला गिरणीची सवय समजत होतो.

परतीची बस रिकामी होती. आप्पा दांडीला धरून उभे राहिले. त्यांच्याशेजारी सायलीही उभी राहिली.

"तू बस गं पोरी," ते म्हणाले. "ती जागा मी धरलेली न्हाई."

सायली बसली आणि खिडकीकडे सरकली. आप्पा मिरज येईपर्यंत तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेपाशी उभे होते.