स्टिअरिंगमधली हवा

आमच्या भिसेगावात एक गृहस्थ कानाला स्टेथोस्कोप लावून गाडीच्या बॉनेटमध्ये वाकतात आणि गाडीला म्हणतात, "हं, आता जरा कण्ह बघू." नवीन भाडेकरू हे पाहून बिचकतात. आम्ही जुनी माणसं दुधाची पिशवी घेऊन बाजूने निघून जातो.

हे टिपणीस डॉक्टर, माझे शेजारी. डॉक्टर म्हणजे गुराढोरांचे. सगळी नोकरी कर्जत-खालापूरच्या गावांत म्हशी-बैल तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर पेशंट उरला एकच, त्यांची जुनी पांढरी गाडी. "मालकाचं ऐकायचं नाही, जनावराचं ऐकायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. इथे मालक ते स्वतःच, त्यामुळे ते स्वतःचंही ऐकत नाहीत.

गाडीला पॉवर स्टिअरिंगचा विकार होता. सकाळी चालू करून चाक वळवलं की अडलेल्या म्हशीसारखी कण्हायची. मग डॉक्टर स्टिअरिंगच्या तेलाची बाटली उघडत, बोट बुडवून वास घेत आणि तेच बोट माझ्या नाकाशी आणत. "बघ, फेस. तेल लाल आणि नितळ पाहिजे. हे ताज्या धारेच्या दुधासारखं झालंय. पोटफुगी." म्हणजे तेलात हवा शिरली होती.

पोटफुगीवर इलाज असा. जॅक लावून पुढची चाकं उचलायची आणि इंजिन बंद ठेवायचं. एकाने आत बसून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं, दुसऱ्याने बॉनेटपाशी उभं राहून बाटलीतले बुडबुडे बघायचे. बुडबुडे थांबले की पेशंट बरा. काम दोन माणसांचं. आणि त्या घरात माणसं दोनच, तीही एकमेकांशी न बोलणारी.

मुलीने स्वतःच्या मनाने लग्न केलं. डॉक्टरांच्या पत्नी मालतीकाकू लग्नाला गेल्या, डॉक्टर गेले नाहीत. तेव्हापासून अबोला. काकू भिंतीला सांगतात, "चहा झालाय." डॉक्टर कॅलेंडरला विचारतात, "बाजारातून काही आणायचंय का?" मी तावडीत सापडले तर डॉक्टर मला म्हणतात, "तुझ्या काकूला सांग, पंखा बंद कर." काकू हाताच्या अंतरावर बसलेल्या असतात. त्या उठून पंखा बंद करतात आणि मलाच म्हणतात, "केला म्हणावं."

रविवारी मात्र काकू पदर खोचून गाडीत बसायच्या. बॉनेट वर असल्यामुळे दोघांना एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, आणि बहुतेक म्हणूनच ते जमायचं.

"डावीकडे."

"झालं."

"सावकाश गं."

"सावकाशच फिरवतेय."

"हात दुखतोय का? दुखत असला तर थांब."

एकदा बॉनेटमागून मी चक्क ऐकलं, "काल आमटी छान झाली होती." बॉनेट धाडकन खाली आलं की बोलणंही बंद. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पोटफुगी.

असंच चाललं असतं. पण एके दिवशी डॉक्टर मला पळसदरीला सोडायला निघाले आणि वळणावर स्टिअरिंग एकदम दगड झालं. गाडी शेताच्या बांधावर जाऊन टेकली. लागलं कुणालाच नाही, पण मी भडकले. "पुरे झाले घरगुती इलाज," म्हणून त्यांना खालापूरच्या रस्त्यावरच्या गणपत मिस्त्रीकडे घेऊन गेले.

गणपतने वाकून पाहिलं. "डॉक्टर, पंप बरा हाय. ही बाटलीखालच्या नळीची क्लिप ढिली हाय, तिथनं हवा खेचतंय. तेल पन थोडं थोडं जातंय." त्याने नवी क्लिप आवळली, तेल भरलं, हवा काढून दिली.

परत येताना गाडी अगदी गुणी झाली होती. कर्जत जवळ आल्यावर डॉक्टर म्हणाले, "क्लिप ढिली आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"मग आवळली का नाहीत?"

त्यांनी समोरचा टेंपो जाऊ दिला. "आवळली असती की कधीतरी. घाई काय होती."

मला फार वाईट वाटलं. भलं करायला गेले आणि त्या घरातलं होतं नव्हतं तेवढं बोलणंही मी बंद करून आले. काकूंना मी सगळं सांगितलं, क्लिपसकट. त्या नुसत्या हसल्या.

पुढचे रविवार सुनेसुने गेले. डॉक्टर बॉनेट उघडायचे, लाल नितळ तेलाकडे बघायचे आणि बॉनेट लावून टाकायचे. काकू दारापर्यंत येऊन मागे फिरायच्या.

अशात पुण्याहून बातमी आली. लेकीला मुलगी झाली. काकूंनी कुंपणावरून माझ्या हातावर पेढा ठेवला. मी विचारलं, "काकांना सांगितलंत?"

"कसं सांगू? भिंतीला सांगायची गोष्ट आहे का ही?"

"मी सांगू?"

"नको. माझ्या नातीला बघायला चला, हे मीच विचारणार त्यांना."

शनिवारी संध्याकाळी मी त्यांचा डबा परत द्यायला गेले. डॉक्टर फिरायला गेले होते. बॉनेट वर होतं आणि काकू स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आत वाकल्या होत्या. मला पाहून दचकल्यासुद्धा नाहीत. "थोडीच ढिली केलीय. आता जरा चालू करून ठेवते, म्हणजे फेस येईल ना गं?"

रविवारी सकाळी गाडी कण्हली. डॉक्टर स्टेथोस्कोप घेऊन जवळजवळ धावतच आले. बॉनेटमध्ये वाकून त्यांनी नळीकडे बराच वेळ पाहिलं. मग क्लिप आवळली आणि जॅक लावला. मी माझ्या ओट्यावर तांदूळ निवडायला बसले. एकही खडा दिसत नव्हता.

"डावीकडे."

"झालं."

"उजवीकडे."

स्टिअरिंग मध्येच थांबलं. "अहो," काकू म्हणाल्या, "मुलगी झालीय तिला. बघायला जायचं का आपण?"

डॉक्टर जागचे हलले नाहीत. हातातल्या तेलकट फडक्यानेच त्यांनी डोळे पुसले. ते मला दिसलं, काकूंना दिसलं नाही.

"फिरवत राहा," ते म्हणाले. "हवा पूर्ण निघू दे. पुण्याला जायचं म्हणजे घाट चढायचाय."