दोन डोळ्यांचा दारुमा

"या खेपेला माझ्या तोंडून एक शब्द जरी सुटला, तर नाव बदला माझं!"

उकाईने भर ऑफिसात छाती ठोकून हे जाहीर केलं, आणि खरं सांगायचं तर त्याने शब्द पाळला. तोंडातून एक अक्षर बाहेर गेलं नाही. जे काही घडलं ते त्याच्या पाठीमागे घडलं. अगदी खुर्चीच्या पाठीमागे, भिंतीवरच्या फळीवर!

उकाई म्हणजे जपानातल्या आमच्या ताकासाकी गावातला नावाजलेला गेम-दिग्दर्शक. त्याचा 'नावाडी' एके काळी घराघरांत खेळला गेला. धुक्यातली नदी, एक म्हातारा नावाडी, माणसांना पैलतीरी न्यायचं, बस्स! एवढ्याशा खेळाला लोकांनी डोक्यावर घेतलं. मग दुसरा भाग सुरू झाला. सुरू झाला तो सुरूच राहिला. तेवढ्या काळात उकाईची पोरगी कोहारू पहिलीतून कॉलेजच्या दारात पोचली, बाजारातली गेम खेळायची यंत्रं, ती कन्सोलं, बदलली, पण 'नावाडी-२' काही किनाऱ्याला लागेना.

त्यात दर वर्षअखेरीला गेमच्या मासिकात सगळ्या दिग्दर्शकांच्या मुलाखती यायच्या. नवं कन्सोल कसं वाटलं? पुढच्या वर्षी काय आणताय? बाकीचे धूर्तपणे हसून वेळ मारून न्यायचे. उकाईला मात्र माईक दिसला की भरतं यायचं. "यंदा नक्की!" असं तो दर वर्षी ठणकावून सांगायचा, आणि दर वर्षी कंपनीला कमरेत वाकून माफी मागावी लागायची.

शेवटी मालक तोकुनागासाहेबांचा पारा चढला. "उकाई, मार्चअखेरपर्यंत गेम पुरा झाला नाही, तर 'नावाडी-२' बंद! मग ती नदी घरी घेऊन जा आणि बाथटबमध्ये सोड!"

बंद म्हणजे कायमचं बंद. एवढ्या वर्षांचं काम कुठल्या तरी कपाटात जाऊन पडणार, आणि तो म्हातारा नावाडी जन्मभर अर्ध्या नदीत उभा राहणार. तेव्हा यंदाच्या मुलाखतीत मिठाची गुळणी धरून बसायचं, असं उकाईने ठरवलं.

त्याच्या ठरवण्यावर कंपनीचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून प्रसिद्धी खात्याच्या शिओमीबाई मुलाखतीला पहारा देणार होत्या. शिओमीबाई म्हणजे डोळ्यात तेल घालून बसणारी बाई! सकाळीच येऊन त्यांनी खोली धुंडाळली. भिंतीवरची चित्रं काढली, कॉम्प्युटर झाकला, फळीवरची पुस्तकंसुद्धा हलवली. आणि फळीवर होता दारुमा.

आता ताकासाकीत दारुमा नाही असं घर सापडायचं नाही. लाल, गोल, मिशाळ बाहुला, दोन्ही डोळे कोरे. काम हाती घेताना एक डोळा रंगवायचा, काम फत्ते झालं की दुसरा. कंपनीत हा दुसरा डोळा मालकच रंगवायचे, सगळ्यांना गोळा करून, टाळ्यांच्या गजरात. 'नावाडी-२'चा दारुमा मात्र इतकी वर्षं एकाच डोळ्याने उकाईकडे बघत होता.

"हा इथे कशाला?" शिओमीबाई कडाडल्या. "एकच डोळा! म्हणजे गेम अपुरा आहे हे फोटोत बोंबलून सांगणार! चला, कपाटात!"

दारुमा कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं.

मुलाखत घ्यायला मासिकाचे नागासे फोटोग्राफरला घेऊन आले. त्यांनी विचारलं, "नवं कन्सोल कसं वाटलं?"

"ताकदवान आहे," उकाई म्हणाला.

"जुन्यापेक्षा?"

"जुनंही ताकदवानच होतं."

"टीव्हीला जोडायचं बरं, की हातात धरून खेळायचं?"

"ज्याला टीव्ही आहे त्याने जोडावं. ज्याला हात आहेत त्याने धरावं."

शिओमीबाई समाधानाने चहा आणायला उठल्या. नागासेंनी कपाळावरचा घाम पुसला. "बरं, पुढचा बेत काय?"

"आता उदोनच्या शेवया खायला जाणार."

एवढ्यात फोटोग्राफर कुरकुरला, "साहेब, मागे फळी अगदी ओकीबोकी दिसते हो. काहीतरी लाल मिळेल का?"

लाल! उकाईचा चेहरा खुलला. टेबलाखाली त्याची पिशवी होती, आणि पिशवीत होता कोहारूचा दारुमा. पोरीला तोंडी परीक्षेवरच कॉलेजात प्रवेश मिळाला होता. तिने ऐटीत दुसरा डोळा रंगवला होता, आणि बायकोने हुकूम सोडला होता, "अहो, काम झालेला दारुमा घरात ठेवायचा नाही. ऑफिसात नेऊन ठेवा, नवीन वर्षात देवळात परत करून या. विसरलात तर बघा!" आमच्याकडे दोन गोष्टींपुढे कुणाचं चालत नाही, डोंगरावरून येणारा वारा आणि घरातली बायको. तर उकाईने मोठ्या कौतुकाने लेकीचा दारुमा फळीवर ठेवला. फोटो झाला. शिओमीबाई चहा घेऊन येईपर्यंत दारुमा पिशवीत परत गेलाही होता.

डिसेंबर सरत आला, ऑफिसला सुट्टी लागली, आणि अंक बाजारात आला.

उकाई तेव्हा स्वयंपाकघरात शिडीवर चढून पंख्याची मेणचटलेली पाती घासत होता. नवीन वर्षाआधीची साफसफाई, आणि खाली उभी बायको, चिझुरू. सुटका नव्हती. तेवढ्यात कोहारू मोबाईल नाचवत धावत आली.

"बाबा! माझा दारुमा मासिकात! आणि लोक वेड्यासारखे नाचताहेत!"

"तुला कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून?"

"मला कोण विचारतंय? 'नावाडी-२' पुरा झाला म्हणून!"

कुणा रिकामटेकड्याने गेल्या वर्षीचा फोटो शोधून काढला होता. तीच फळी, एक डोळा. यंदाचा फोटो, तीच फळी, दोन डोळे! त्यात भर उकाईच्या मौनाची. दर वर्षी तोंडाची टकळी चालवणारा माणूस गप्प बसला, म्हणजे काहीतरी मोठं शिजलंय, अशी सगळ्यांची खात्री पटली. उदोनवरही चर्चा झडत होती. नव्या भागात नावाडी उदोन विकणार म्हणे!

फोन वाजला. मालक! कुसात्सूच्या गरम पाण्याच्या कुंडात डुंबायला गेलेले तोकुनागासाहेब तिथूनच गरजले, "उकाई! मला न विचारता डोळा रंगवलास?"

"साहेब, तो दारुमा—"

"गेम झाला हे मला मासिकातून कळावं? इतकी वर्षं मी ब्रश धरून बसलोय रे! माझा डोळा होता तो!"

"साहेब, ऐका तरी, तो माझ्या मु—"

"मुकाट्याने ऐक! मी रागावलेलो नाही." आणि साहेबांना एकदम हुंदका फुटला. "पठ्ठ्या, करून दाखवलंस! आत्ताच कन्सोलवाल्यांच्या बड्या साहेबांचा फोन होता. फेब्रुवारीत त्यांचा मोठा कार्यक्रम आहे, अख्खं जग बघतं. त्यात शेवटचा मान 'नावाडी-२'ला! मी शब्द देऊन टाकला!"

उकाई शिडीवरून घसरला तो थेट बादलीत बसला.

"आता हो काय?" चिझुरूने विचारलं.

"आता काय! मी मेलो!"

"मरा, पण आधी पंखा लावून द्या."

त्या सुट्टीत उकाईच्या घशाखाली नवीन वर्षाच्या मोचीचा, तांदळाच्या त्या मऊ लाडवाचा, घास उतरला नाही. शेजाऱ्यांनी साकेची, तांदळाच्या दारूची, बाटली पाठवली. सासूबाईंनी फोन करून म्हटलं, "जावईबापू, मला वाटलं होतं तुमच्याच्याने काही होत नाही!" जो तो अभिनंदन करत होता, आणि प्रत्येक अभिनंदनागणिक उकाईचं काळीज एकेक पायरी खाली उतरत होतं. कबूल केलं तर मालकांची जगात नाचक्की आणि गेम त्याच दिवशी बंद. नाही केलं तर फेब्रुवारीत सगळ्या जगापुढे शोभा! लाजेने त्याला आरशात बघवेना.

ऑफिस उघडलं त्या दिवशी तो मान खाली घालून गेला. सगळे जमले होते. मध्ये आनंदाच्या प्रसंगी झाकण फोडायचं साकेचं पिंप आणि त्यामागे नवा सूट घातलेले तोकुनागासाहेब. कोपऱ्यात शिओमीबाई उभ्या, चेहरा पांढराफटक. कपाटातला एकडोळ्या त्यांनी सकाळीच तपासला होता!

उकाई कमरेत इतका वाकला की डोकं गुडघ्याला लागलं. "साहेब, माफ करा! गेम पुरा झालेला नाही! तो दारुमा माझ्या मुलीचा आहे. तिला कॉलेजात प्रवेश मिळाला!"

साहेबांच्या हातातली पिंप फोडायची मोगरी तशीच वर राहिली.

मग मुख्य प्रोग्रामर कुरोसे डोकं खाजवत म्हणाला, "पण उकाईसाहेब, गेम तर झालाय ना?"

"कुठे झालाय?" उकाई ओरडला.

"माझं काम गेल्या उन्हाळ्यातच संपलं. तुम्ही रोज नवीन काहीतरी काढता म्हणून मी बसतो. फोटो बघितला आणि म्हटलं, चला, चित्रवाल्यांचंही आटपलं असेल."

"आमचं?" चित्रवाल्या बाई म्हणाल्या. "आमचं त्याच्याही आधी संपलंय. आम्हाला वाटलं, संगीत अडलंय."

संगीतवाला म्हणाला, "मी तर दोन वर्षं नुसता बासरी पुसतोय."

सगळ्यांनी माना वळवून उकाईकडे बघितलं.

"उकाई," तोकुनागासाहेब दबक्या आवाजात म्हणाले, "राहिलंय तरी काय?"

"पाणी, साहेब! वल्हं उचलल्यावर थेंब पडतात ते अजून जिवंत वाटत नाहीत. आणि बगळा! बगळ्याचं पीस भिजल्यावर—"

"कुरोसे, कन्सोल लाव!"

कन्सोल लागलं. साहेबांनी आजवर गेमचं तोंडही बघितलं नव्हतं. अपुरं काम उकाई कुणाला दाखवायचाच नाही. सूट घातलेला तो म्हातारा गालिच्यावर मांडी ठोकून बसला आणि कुरोसेने काढून दिलेला शेवटचा भाग खेळू लागला. आधी होडी काठावर आपटली, साहेबांनी शिवी हासडली. मग हात बसला. जेवणाची वेळ टळली, कुणी उठेना. पडद्यावर नावाडी आपल्या आईला पैलतीरी नेत होता. धुकं विरळ झालं, काठ दिसला, आई उतरली आणि तिने मागे वळून बघितलं.

साहेबांनी टायने डोळे पुसले. खोलीत बरेच जण नाक ओढत होते.

"साहेब, थेंब बघितलेत ना कसे निर्जीव..." उकाईने बारीक आवाजात म्हटलं.

"थेंब?" साहेब ताडकन उठले. "मला रडू आवरेना आणि तू थेंब मोजत बसलास? आणि बगळा कुठे होता?"

"होता की साहेब, डावीकडे."

"गेला खड्ड्यात तुझा बगळा! आजपासून जो कुणी गेममध्ये नवीन काही घालेल, त्याला मी पिंपात घालीन! फक्त चुका काढायच्या. फेब्रुवारीत हा नावाडी जगापुढे उभा राहणार!"

एकच जल्लोष झाला. पिंप फुटलं. शिओमीबाईंनी पहिला पेला एका दमात रिकामा केला आणि दुसरा मागितला.

फेब्रुवारीत ती होडी धुक्यातून पडद्यावर आली, तेव्हा सभागृहात असा काही गलका उठला की विचारू नका! परदेशातली दांडगी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. मार्चच्या आत गेम हातावेगळा झाला, उन्हाळ्यात दुकानात आला, आणि दुकानांपुढे पहाटेपासून रांगा लागल्या. मासिकाने पैकीच्या पैकी गुण दिले. वर लिहिलं, पाण्याचे थेंब तर केवळ अप्रतिम! उकाईने ते वाक्य बायकोला, लेकीला, सासूबाईंना आणि दूधवाल्याला वाचून दाखवलं. आमच्या गावात तो असा चालायला लागला, जणू डोंगरावरचा वारा त्यालाच विचारून सुटतो.

मालकांनी एकडोळ्याचा दुसरा डोळा रंगवला, साऱ्या कंपनीसमोर, टाळ्यांच्या कडकडाटात. मग त्यांनी उकाईला आपल्या खोलीत बोलावून घेतलं. प्रेमाने खुर्ची दिली, चहा दिला.

"उकाई, 'नावाडी-३' तूच करायचास."

उकाईला गहिवरून आलं. "साहेब, जीव ओतीन! नदी अशी करतो, की..."

"थांब. मी यंदा फार विचार केला." साहेबांनी टेबलाखालून नवाकोरा दारुमा काढून त्याच्यापुढे ठेवला. "तू एका डोळ्याने वर्षानुवर्षं रखडतोस आणि दोन डोळ्यांनी दोन महिन्यांत काम उरकतोस."

दारुमाचे दोन्ही डोळे आधीच रंगवलेले होते.

"फोटो मासिकाला कालच पाठवलाय," साहेब म्हणाले. "तू आता फक्त गेम करायचास."