निपाणी लांब, बेंगळूर जवळ

"आधण ठेव गं, बेंगळूरचं इमान हुबळीवर आलं!"

आप्पा गच्चीवरून ओरडले की आमच्या पिरनवाडीचे कावळे उडून थेट खानापुरात उतरतात. तिकडं लष्करी कॅम्पातले जवान हुकूम समजून सावधान होतात, असंही म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो.

आप्पा माझे शेजारी. त्यांची लेक सुजाता लग्न होऊन बेंगळूरला गेली आणि एकदा विमानानं तासाभरात आली. त्या दिवसापासून आप्पांच्या डोक्यातला नकाशा बदलला. निपाणीला, म्हणजे त्यांच्या सासुरवाडीला, बसनं दोन-अडीच तास. "म्हंजे निपाणी लांब, बेंगळूर जवळ. सरळ हिशोब हाय की रं बाळू."

निपाणीला निघताना ते भाकऱ्या, वळकटी आणि अमृतांजन घेतात. गल्लीभर फिरून सांगतात, "घराकडं ध्यान ठेवा." आणि लेक कुठं असते विचारलं, तर हात झटकून, "ही काय, शेजारीच." एकानं हे खरं मानलं आणि लग्नाची पत्रिका घेऊन दुपारभर आमच्या गल्ल्यांत सुजाताचं दार शोधत फिरला.

रोज संध्याकाळी तीन कप चहा व्हायचा. आप्पांचा, काकूंचा आणि सुजाताचा. "तासाचं तर काम. पोरगी मनात आलं की निघंल." आभाळ केशरी व्हायचं, सांबऱ्याच्या विमानतळाकडं एक दिवा हळूहळू उतरायचा आणि कपांतली वाफ त्याच्याकडंच निघाल्यागत वर जायची. विमान उतरायचं, आप्पा रस्त्याकडं बघत बसायचे. रिक्षा यायची नाही. मग कुंपणावरून हाक, "बाळू, ये रं. गार व्हायच्या आत पी. तापवलेला चहा आमच्यात न्हाय चालत."

सुजाताच्या वाट्याचा चहा पिऊन मी बाळसं धरलं. जिना माझ्या वजनानं कण्हतो.

परवा तिचा फोन आला. नवऱ्याला कॅनडात नोकरी लागली होती. आप्पांनी एकच विचारलं, "किती तास?"

"दिवसभर धरा, आप्पा."

फोन ठेवून ते काकूंकडं वळले. म्हणाले, "निपाणीहून येताना संकेश्वरला आपली बस बंद पडलेली आठवतीया? चिंचंखाली दिवसभर बसलो. रात्री घरी आलोच की न्हाय?"

"आलो की," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

सुजाता कॅनडाला गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेंगळूरचं विमान डोक्यावरून गेलं, पण आप्पा ओरडले नाहीत. कावळे जागचे हलले नाहीत. मला चैन पडेना, गच्चीवर गेलो. दोघं नवराबायको पश्चिमेकडं तोंड करून बसलेले, जिकडून कुठलंच विमान येत नाही. कठड्यावर तिसरा कप होता. मी सवयीनं हात घातला.

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "तिचा हाय."

"आप्पा, ती आता कवा यायची? गार होईल की चहा."

आप्पांनी कपावर बशी झाकली.

"तापवू की परत."