शुक्रवारच्या बरणीतली कोंबडी

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. माझ्या हातचं नको म्हणणारं पोर अख्ख्या पोलंडात अजून जन्माला यायचंय! नखरेल पोरं मी काय कमी पाहिली? हिरवं दिसलं की भोकाड पसरणारी, कांद्याचे तुकडे ताटाच्या कडेला रांगेत मांडणारी, बटाट्याला रस्सा शिवला म्हणून उपाशी उठणारी. सगळी माझ्यापुढे सुतासारखी सरळ झाली. माझुरीतल्या आमच्या तळ्याकाठच्या उन्हाळी शिबिरात पोरं येतात ती काटकुळी आणि परत जाताना त्यांच्या चड्डीची बटणं लागत नाहीत. आया माझ्या नावानं बोटं मोडतात आणि पुढच्या वर्षी पोराला पुन्हा इथंच धाडतात.

तेव्हा आमचे शिबिरप्रमुख सेवेरिन सर पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "गेनोवेफाबाई, कालिना म्हणून एक मुलगी आलीये. काहीच खात नाही म्हणे," तेव्हा मला हसूच आलं.

"सर, रविवारच्या आत ती मुलगी दुसऱ्यांदा वाढा म्हणेल! लावता पैज?"

"पैज कसली लावताय? खाल्लं नाही तर रविवारी आई येऊन तिला घरी नेणार आहे. आणि बाई, स्पष्टच सांगतो. एक जरी पोर जेवणापायी परत गेलं ना, तर पुढच्या वर्षी या स्वयंपाकघराला कुलूप. शहरातून तयार डबे मागवायचं वर घाटतंय."

डबे! प्लास्टिकचे! माझ्या भरल्या पातेल्यांच्या जागी! माझं डोकंच फिरलं. मी पदर खोचावा तसा एप्रन आवळला आणि कामाला लागले.

पहिल्या दिवशी टोमॅटोचं सूप केलं, असं की पोरांनी ताटल्या चाटल्या. कालिनापुढची ताटली जशीच्या तशी.

"काय गं, आवडलं नाही?"

"छान दिसतंय, मावशी."

"मग खा की!"

"नको. आभारी आहे."

किती गोड बोलणं! रडणं नाही, आदळआपट नाही. रडणाऱ्या पोराला मी गप्प करू शकते हो, पण आभार मानणाऱ्या पोराचं काय करायचं? दुसऱ्या दिवशी पिएरोगी, म्हणजे आमच्या उकडलेल्या करंज्या, केल्या. बटाटा आणि पनीर भरून, प्रत्येक पिएरोगीला दोन मिऱ्यांचे डोळे लावून. "किती सुंदर आहेत!" म्हणाली आणि त्या डोळ्यांकडे बघत बसली. मग कटलेट झालं, काकडीची कोशिंबीर झाली, गोड बीट झालं. सगळं नको, सगळ्याचे आभार.

बरं, म्हणावं तर पोरगी सुकायला हवी होती! पण छे! तळ्यात सगळ्यांच्या पुढे पोहायची, झाडावर चढायची. गालही दिवसेंदिवस लाल होत चालले होते. माझी मदतनीस झीता म्हणाली, "ताई, ही हवेवर जगते बघा. आमच्या गावात एक संन्यासिनी होती तशी."

"संन्यासिनी झाडावर चढत नाहीत," मी म्हटलं. "तू बटाटे सोल."

खरी गंमत तर पुढेच झाली. संध्याकाळी पोरांना घरी फोन करायला मिळतो. एका संध्याकाळी सेवेरिन सर अक्षरशः धावत आले.

"बाई! तुम्ही जादूगार आहात! आत्ता तिच्या आईशी बोललो. मुलगी म्हणाली की मी सूप खाल्लं, पिएरोगी खाल्ल्या, बीटसुद्धा खाल्लं! आई फोनवर रडत होती!"

तिच्या भरल्या ताटल्या तर मीच रोज बादलीत ओतत होते! म्हणजे पोरगी खोटं बोलत होती. बिचारी माझी नोकरी वाचवायला बघत होती! माझा ऊर भरून आला. आता सरांना खरं सांगायला हवं होतं की नाही? हवं होतं. पण "जादूगार" हा शब्द कानात असा काही गोड वाजत होता की मी नुसतं म्हटलं, "अहो, त्यात काय एवढं!"

वर तिचं वळणही चांगलं. जेवणानंतर भांडी आवरायची पाळी आली की सगळी पोरं तोंडं वाकडी करतात. कालिना मात्र रोज आपणहून यायची. दुपारी वामकुक्षीला सगळ्यांना सक्तीनं आडवं केलं की ही आमच्या कोठीच्या खोलीत बरण्या पुसत बसायची. मी झीताला म्हटलंही, "शिकवण बघ! पोटात काही नाही, पण कामाला कशी वाघीण आहे."

रविवार उजाडला. भेटीचा दिवस. आईबाप, आज्या, केकचे डबे, सगळी वरात फाटकाशी जमायला लागली. मी कोंबडीचं सूप उकळत ठेवलं होतं आणि मनात देवाला विनवत होते की आज तरी त्या पोरीच्या तोंडात एक घास जाऊ दे. तेवढ्यात सर आले.

"बाई, एक सांगायचं राहिलंच. कालिनाची आई लुडमिलाबाई, त्या आरोग्य खात्यात आहेत. स्वयंपाकघरं तपासतात."

"हे आत्ता सांगता?"

"मला तरी कुठं ठाऊक होतं! आत्ताच फाटकाशी म्हणाल्या. नमुने आहेत ना जागेवर?"

नमुने म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडे शिबिरात जे काही शिजेल त्याचा एकेक वाटा उकळलेल्या बरणीत भरायचा, वर पदार्थाचं नाव आणि तारीख चिकटवायची, आणि कोठीतल्या छोट्या फ्रीजमध्ये तीन दिवस ठेवायचा. कुणाचं पोट बिघडलंच तर तपासायला. पोट माझ्या जेवणानं कधी बिघडलं नाही, म्हणून मी आपली रोज सरकारी नैवेद्य दाखवून दार लावत असे, मागे वळून बघत नसे.

"आहेत की! डोळे मिटून बघून घ्या!" असं म्हणून मी ऐटीत फ्रीज उघडला.

बरण्या होत्या. चिठ्ठ्या होत्या. आत काही नव्हतं! नुसत्या रिकाम्या नाहीत, लख्ख धुतलेल्या!

"बोक्याचं काम!" झीता ओरडली.

"बोका झाकण फिरवून उघडतो? आणि खाऊन झाल्यावर बरणी धुऊन ठेवतो?"

"मग तुमच्या हाताखालचं कोणी असेल," सर म्हणाले आणि झीताकडे बघायला लागले. झीता रडायला लागली. मी सरांना सांगितलं की बाहेर जा, त्या बाईला तळं दाखवा, झाडं दाखवा, काय वाटेल ते दाखवा, पण मला थोडा वेळ द्या!

आणि मग मी जे केलं ते कुठल्याही शहाण्या बाईनं करू नये. गुरुवारचं कटलेट? थोडं डुकराचं मांस होतं, थापलं, तळलं, भरलं! शनिवारच्या पिएरोगी गोठवलेल्या होत्या, त्या उकडल्या, भरल्या! राहिला शुक्रवार. शुक्रवारी मासा, कारण आम्हा कॅथलिकांत त्या दिवशी मांस वर्ज्य, मासा तेवढा चालतो. घरात माशाचं शेपूट नाही, रविवार म्हणून दुकानं बंद, आणि तळ्यातला मासा काही बोलावून येत नाही.

"ताई, कोंबडी आहे," झीता हळूच म्हणाली.

कोंबडीची चपटी फोड केली, पावाच्या चुऱ्यात घोळवली, तळली आणि 'शुक्रवार, मासा' अशा बरणीत दाबून बसवली. बाहेरून अगदी मासा! मलाच खावासा वाटला.

लुडमिलाबाई आल्या. उंच, नीटनेटक्या, हातात पर्स. लेकीला मिठी मारली, मुका घेतला आणि पाय आपोआप फ्रीजकडे वळले. "माफ करा हं, सवय लागलीये," म्हणाल्या. वाढायच्या खिडकीतून सगळे पालक आत डोकावत होते. बाईंनी गुरुवार पाहिला, मान डोलावली. शनिवार पाहिला. शुक्रवारचं झाकण उघडलं, वास घेतला, काट्यानं तुकडा मोडला.

"ही कोंबडी आहे."

खिडकीतली एक आजी किंचाळली, "येशू, मारिया! शुक्रवारी पोरांना कोंबडी घातली!"

झालं! शुक्रवारी मांस शिजवणारी बाई मेल्यावर कुठं जाते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खिडकीत छातीवर क्रूसाची खूण करायची लाटच आली. एक बाबा म्हणाले, "माझा मुलगा इथंच प्रार्थना शिकला म्हणून मी खूश होतो!" सेवेरिन सर भिंतीसारखे पांढरे पडले. मी काय बोलू? नमुने खोटे आहेत म्हणावं तर नोकरी गेली. खरे आहेत म्हणावं तर नोकरी जाते, वर नरक! माझं स्वयंपाकघर, माझी पातेली, सगळं डोळ्यांपुढून डब्यांच्या गाडीत बसून निघालेलं दिसलं. रडू फुटायचंच बाकी होतं.

"शुक्रवारी मासाच होता, आई," कालिना म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"मीच खाल्ला ना. याच बरणीतून. गुरुवारचं कटलेटही मी खाल्लं. हे नवीन आहे, त्यात मिरी जास्त पडलीये बघ."

लुडमिलाबाईंनी बरणी खाली ठेवली.

"तू नमुने खाल्लेस?" त्यांनी विचारलं. "सगळे?"

"रोज. मग बरण्या धुवून ठेवायचे. तूच म्हणतेस ना, भांडं घाण ठेवायचं नाही."

"अगं, पण ताटलीत वाढलेलं गरम का नाही खाल्लंस?"

"ताटलीवर तारीख कुठं असते?" पोरीनं आईकडं असं बघितलं की जणू आईच बुद्दू आहे. "ज्यावर नाव आणि तारीख नाही ते तोंडात घालायचं नाही, असं कोण म्हणतं घरी?"

लुडमिलाबाई बटाट्यांच्या पोत्यावर बसल्या. आधी वाटलं रडतात. मग कळलं, हसताहेत आणि रडताहेतही. "बीट खाल्लंस? खरंच बीट खाल्लंस?" एवढंच विचारत राहिल्या. मग डोळे पुसून माझ्याकडे वळल्या. "गेनोवेफाबाई, हे तुम्ही जे केलंत ते फार वाईट आहे. पुन्हा केलंत तर मी कुणाची आई नाही. आज रविवार आहे, म्हणून फक्त आई आहे. ही राहील इथंच."

मी बाईंना मिठी मारली. आजीबाईंची समजूत पटायला केकचे तीन तुकडे लागले. सर जाता जाता म्हणाले, "स्वयंपाकघर राहिलं हो तुमचं." आणि मी, काय सांगू, पुन्हा फुगले! मला तर युक्तीच सापडली होती!

सोमवारी सकाळी न्याहारीला दुधाचं सूप केलं. गरम दूध, शेवया, वर जाड साय. हे सूप जन्मात कुठल्या पोरानं आवडीनं खाल्लेलं नाही. मी ते बरणीत भरलं, छान गोल अक्षरात नाव लिहिलं, तारीख घातली, खाली सहीसुद्धा केली आणि सगळ्यांदेखत कालिनापुढे ठेवलं.

"घे, राणी! आता काय म्हणशील?"

तिनं चिठ्ठी वाचली. तारीख तपासली. सही पाहिली. मग झाकण उघडून सायीकडे बघितलं आणि बरणी अलगद माझ्याकडे सरकवली.

"मावशी, कागदपत्रं अगदी बरोबर आहेत. पण हे मला आवडत नाही."