रत्नावहिनींचा जोडीदार

रत्नावहिनींच्या घरी कप फुटत नाही. हातातून सुटतो, पण जमिनीपर्यंत पोहोचत नाही. "माझं!" अशी आरोळी येते आणि गॅसपाशी उभ्या असलेल्या वहिनी टेबलापाशी प्रकट होऊन कप हवेतच धरतात. चहा मात्र तोवर पाहुण्याच्या मांडीवर आलेला असतो. लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये आम्ही त्यांचे सख्खे शेजारी, त्यामुळे माझ्या निम्म्याअधिक पँटींवर डाग आहेत. मी मुळात घाबरट माणूस. त्यांच्याकडे कप दोन्ही हातांनी धरून बसतो, तरी त्यांची नजर माझ्या बोटांवरच असते.

नाव ऐकून आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांना त्या कोल्हापूरच्या वाटल्या होत्या. त्या जाकार्ताच्या, आणि रत्ना हे नावही तिकडचंच. इंडोनेशियाकडून बॅडमिंटन खेळायच्या, तेही मिक्स्ड डबल्स. बाई पुढे जाळीपाशी, पुरुष मागे, आणि शटल जो घेणार त्याने "माझं!" म्हणून ओरडायचं. माझा मित्र अविनाश इथल्या एका स्पर्धेत हौसेने लाइन जज म्हणून बसला होता. त्याने त्यांचं शटल बाहेर दिलं. वहिनी आधी भांडायला आल्या आणि दोन वर्षांनी सून म्हणून आल्या. ते शटल लाइनवरच होतं, हे अविनाशला आजही जेवताना ऐकावं लागतं.

मराठी त्यांना सासूबाईंनी शिकवलं. सासूबाई साताऱ्याकडच्या, इंग्रजीशी त्यांचा संबंध नव्हता. त्यामुळे वहिनींच्या तोंडी "अगं बया" आणि "न्हाई वं भावजी" असतं. इथे जन्मलेली आमची मुलं "माझा आजी आला" म्हणतात, आणि त्यांचं मराठी सुधारायला जाकार्ताची बाई लागते. आम्ही पुण्याची माणसं गप्प बसतो.

कुठलंही काम एकट्याने करायचं नाही, हा वहिनींचा कायदा. कौन्सिलची कचऱ्याची बिन रस्त्यावर न्यायची तर एकाने ओढायची आणि एकाने ढकलायची. मंडळाच्या गणपतीत मोदकांचं काम त्यांच्याकडे गेलं, तेव्हा त्यांनी हॉलच्या किचनमधल्या बायकांचा घोळका पाहिला आणि निम्म्या जणींना बाहेर काढलं.

"दोन बायका एका टेबलावर चालत न्हाईत. मिक्स्ड हाय. बाप्यानं मागून पारी द्यायची, बाईनं पुढं सारण भरायचं!"

जन्मात उकडीला हात न लावलेले डॉक्टर आणि अकाउंटंट बाह्या सरसावून उभे राहिले. मोदक फुटला की वहिनी ओरडायच्या, "जोडी बदला!" माझी आणि माझ्या बायकोची, मेधाची, फारकत पहिल्या घाण्यालाच झाली. मला गोखलेकाकू मिळाल्या. मेधाला एक तरुण रेडिओलॉजिस्ट मिळाला, आणि त्या दोघांचे मोदक इतके देखणे झाले की मला ते अजून पचलेले नाहीत.

दिवाळीच्या सुमारास अविनाशला जिना चढताना दम लागायला लागला. तपासण्या झाल्या आणि बायपास ठरली. तेव्हापासून वहिनींचा आवाज बंद झाला. एकदा त्यांच्याकडे माझ्या हातून बशी सुटली, फरशीवर पडली आणि फुटली. वहिनी शेजारीच होत्या, पण जागच्या हलल्या नाहीत. खरं सांगतो, डॉक्टरांनी ऑपरेशनचं सांगितलं तेव्हा मी घाबरलो नव्हतो इतका त्या आवाजाने घाबरलो.

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि मेधा त्यांच्याबरोबर गेलो. दुपारपर्यंत होईल असं सर्जन म्हणाला होता. दुपार टळली, कोणी बाहेर येईना. वहिनी वेटिंग रूममध्ये भिंतीपाशी उभ्याच होत्या, बसायला तयार नव्हत्या. दार उघडलं की आम्ही तिघंही दचकायचो, आणि आत यायचा तो सफाईवाला. भीती वाटली की मला बडबडायची सवय आहे.

"वहिनी, अविनाश भक्कम आहे हो," मी म्हणालो. "आणि नाहीच ऐकलं त्याने, तर दम द्या, जोडी बदलीन म्हणून!"

मेधाने मला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. वहिनी हसल्या नाहीत.

"भावजी, तुमाला अगुस ठाव न्हाई," त्या म्हणाल्या. "माझा पहिला जोडीदार. मी पोरगी व्हते तवा कोचनं मला त्याच्यापुढं उभं केलं. लई खेळलो आम्ही. मग त्याचा गुडघा गेला. मी प्रॅक्टिसला गेले तर त्याच्या जागेवर दुसरा पोरगा. अगुस बाकावर, गुडघ्यावर बर्फ धरून. मी त्याच्यासमोर खेळले. पाणी प्यायलाबी त्या बाजूला गेले न्हाई. वाटलं, त्याच्याकडं गेले तर कोच मलाबी बसवंल."

"मग?" मेधाने विचारलं.

"मग काय? त्याच वर्साला मेडलं मिळाली. फोटोत कशी हसतीया बघा मी." त्यांनी दाराकडे बघितलं. "समदे जोडीदार कोचनं दिले. तुला हा चालंल का, असं कुणी इचारलं न्हाई. ह्यांनी इचारलं. ह्यांनी एकट्यांनी."

मेधाने त्यांचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता, असं तिने नंतर सांगितलं.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा सर्जन आला. मला त्याचा चेहरा वाचता येईना. मग तो म्हणाला की थोडं जास्त काम निघालं, म्हणून वेळ लागला, पण आता सगळं ठीक आहे. मला रडू आलं. वहिनींनी त्याला वाकून नमस्कार केला आणि मग घाबरून आमच्याकडे बघितलं, हे खरंच का, म्हणून.

आत दोघांनाच सोडत होते. मेधाने मला पुढे ढकललं. अविनाश नळ्यांच्या जंजाळात झोपला होता. मला बघवेना, म्हणून मी मशीनवरचे हिरवे आकडे बघत राहिलो.

नर्स प्रेमळ होती. "गो होम, माय लव्ह," ती वहिनींना म्हणाली. "तो आता सकाळपर्यंत उठायचा नाही. तुम्ही इथे आहात हेसुद्धा त्याला कळणार नाही."

हे ती इंग्रजीत म्हणाली. वहिनींना इंग्रजी चांगलं येतं. पण त्यांनी उत्तर दिलं ते सासूबाईंच्या मराठीत, अविनाशवरची नजर न काढता.

"जोडीदार बाकावर बसला की त्याच्याजवळ बसायचं असतं, बाई. तवा मला कुणी सांगितलं न्हाई."

नर्सला एक अक्षरही कळलं नसणार. ती बाहेर गेली आणि एक खुर्ची घेऊन आली.