मेश्रामकाकांचे रानकुत्रे

आमच्या कोहका वस्तीत कोणाला 'कुत्र्या' अशी शिवी द्यायची असेल, तर मेश्रामकाका आसपास नाहीत ना, हे आधी पाहावं लागतं. नाहीतर भांडण राहतं बाजूला आणि काका मध्ये येऊन विचारतात, "गावातला म्हनला का रानातला? रानातला म्हनला असन तं हे शिवी नाही, मान आहे."

काका इथल्या पोलादाच्या प्लांटात क्रेन चालवून रिटायर झाले. गाव गोंदियाकडचं, जंगलाला लागून. बोलणं कुठूनही सुरू होवो, चौथ्या वाक्याला रानकुत्रा येतोच. सोसायटीचा अध्यक्ष कोण, यावरून जुंपली तेव्हा काकांनी अर्धा तास सांगितलं, की रानकुत्रे भुंकत नाहीत, शीळ घालून एकमेकांना सांभाळतात आणि आपल्यापेक्षा दहापट मोठं सांबर पाडतात. "अन् तुमच्यानं एक नाली साफ होऊन नाही राहिली." त्या दिवशी अध्यक्षपद सगळ्यांनाच नकोसं झालं.

सोसायटीच्या बागेतली रोपं गाईंनी खाल्ली, तेव्हाही काकांना रानकुत्रेच आठवले. ते मागे असले की हरणं एका जागी चरत बसत नाहीत, म्हणून जंगलात रोपाचं झाड होतं. मग कोहक्यात दोन-चार आणून सोडा, असं काकू वैतागून म्हणाल्या. काकांनी त्यावर खरोखर विचार केला.

मागच्या उन्हाळ्यात मी त्यांना गाडीनं गावी नेत होतो. सकाळची वेळ. जंगलातल्या वळणावर आठ-नऊ तांबूस जनावरं, काळ्या झुपकेदार शेपट्यांची, रस्त्याकडेला चितळ खात होती. मी गाडी थांबवली. वाटलं, आता भाषण. तेवढ्यात मागून जीप आली आणि हॉर्न वाजवू लागली. काका उतरले, जीपपुढे जाऊन हात जोडून उभे राहिले. जीपवाल्यानं मुकाट्यानं इंजिन बंद केलं.

परत येऊन बसले आणि दार हलकेच ओढून घेतलं. काय झालं, मी विचारलं. काका सांगू लागले. लहानपणी घरात दाणा नसला की त्यांचा बाप जंगलात जायचा. रानकुत्र्यांनी शिकार पाडलेली दिसली, की त्यांना हाकलून मांस घरी आणायचा. पाच भावंडं त्यावर जगली.

"डबा मीच वाजवत होतो, त्याईले भेववाले," काका म्हणाले. "ते लवकर जात नोहते. दूर उभे राहून पाहत राहत. त्याईचेही लेकरं असन ना घरी."

जनावरांचं पोट भरायला बराच वेळ लागला. ऊन गाडीत आलं, बाटलीतलं पाणी संपलं. मी दार उघडायला गेलो, तर काकांनी माझा हात धरला. आवाज होईल म्हणून.